उन्हाळ्यात पागा बघायची तर दुपारी दोन वाजता: करवीरमधल्या एका घरगुती तबेल्याबद्दल

मुंबईचा रेसचा हंगाम एप्रिलमध्ये आटोपतो आणि पुण्याचा जुलैत उघडतो. मधल्या काळात घोडा कुठं ठेवायचा, हे मालकाला मार्चमध्येच ठरवावं लागतं. रेसकोर्सवरच्या पागेत ठेवला तर कामात खंड पडत नाही, पण घोडा दिवसभर चार भिंती बघत उभा राहतो. स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर, मोकळा सोडला तर डोकं शांत होतं, पण परत येतो तेव्हा पोट सुटलेलं आणि अंग उतरलेलं असतं. तिसरा पर्याय म्हणजे आधी विश्रांती देऊन मग हळूहळू अंग भरून देणारी घरगुती पागा. करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहराच्या बाहेर, अशी एक पागा आहे. चौदा बॉक्स, म्हणजे एकेका घोड्याच्या खोल्या, एक रेतीचा ट्रॅक, दोन छोटी कुरणं आणि राबणारं अख्खं घर. नाव छापू नका असं घरच्यांनी सांगितलंय, कारण जागा मोजकीच आहे आणि ओळखीतूनच भरते.

निर्णय आधीच सांगतो. पाय दुखावलेला, हंगामानं थकलेला किंवा पहिल्यांदाच खोगीर चढवायचा तरुण घोडा असेल तर डोळे झाकून पाठवा. पुण्याच्या पहिल्याच दिवशी पळवायचा घोडा असेल तर इथं जूनपर्यंत ठेवू नका. का, ते पुढं येईलच.

बहुतेक मालक पागा बघायला सकाळी येतात. सहा वाजता कुठलीही पागा छानच दिसते: घोडे चमकतात, मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारी माणसं, धावपळ करत असतात, ट्रॅकवर धूळ उडत असते. उन्हाळ्यातली पागा खरी कळते ती दुपारी दोन वाजता. तेव्हा वीज गेलेली असते, वारा पडलेला असतो, माणसं जेवून आडवी झालेली असतात आणि घोड्याला सकाळी काय मिळालं, काय नाही, ते त्याच्या नाकपुड्यांवर दिसतं. या पागेत दुपारी दोनलाच जा. त्या वेळी तुम्हाला आत घेतात, हीच पहिली जमेची बाजू.

सकाळ मात्र समजून घ्यायला हवी, कारण दुपार तिच्यावर उभी असते. सव्वाचारला दिवे लागतात. सगळ्यात आधी दाणा नाही, खोगीर नाही, थर्मामीटर. प्रत्येक घोड्याचं तापमान पाण्याआधी घेतात आणि दारावरच्या पाटीवर खडूनं लिहितात. ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस हा निरोगी घोड्याचा पट्टा. पण पट्ट्यापेक्षा त्या घोड्याचा रोजचा आकडा महत्त्वाचा. रोज ३७.४ दाखवणारा घोडा एखाद्या सकाळी ३८.२ दाखवतो तेव्हा कागदावर तो ठीकच असतो, पण इथं त्याला त्या दिवशी कामाला काढत नाहीत. त्यानंतर गव्हाणीत रात्रीचा दाणा उरलाय का, बादलीतलं पाणी किती उतरलंय, लीद किती वेळा पडलीय आणि कशी आहे, हे बघतात. मग आण्णा, म्हणजे घरातले वडीलधारे, बसून चारही पायांवरून हात फिरवतात. गुडघ्याखालच्या नळीमागची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, दोन बोटांत धरून वरून खाली येतात. डाव्याची उजव्याशी तुलना करतात. गरमी, सूज, दाबल्यावर पाय ओढणं, यातलं काहीही जाणवलं तर तो घोडा त्या दिवशी फक्त चालतो. थोरला मुलगा रपेटीचा प्रमुख आहे, पण या बाबतीत बापाच्या शब्दापुढं तो जात नाही. "आण्णा, आज याला थोडं सोडू का?" असं विचारल्यावर "नको गा, उद्या बघू" एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. मालकाचा फोन आला तरी तो निर्णय बदलत नाही. आमच्या मते या सेवेचे निम्मे पैसे या एका गोष्टीचे आहेत.

पहिला घोडा पाचला बाहेर पडतो आणि शेवटचा सव्वासातला आत येतो. इथं एक बारकावा आहे जो अनेक पागांना कळत नाही. पहाट म्हणजे गार, गार म्हणजे सुरक्षित, असं सरसकट धरता येत नाही. घोडा मुख्यतः घामानं थंड होतो आणि हवा दमट असेल तर घाम उडत नाही, नुसता ओघळतो. घोडेवाल्यांचा जुना ठोकताळा असा: तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळवा. बेरीज १३०च्या आत असेल तर बिनधास्त काम करा, १५०च्या वर गेली तर सांभाळून, १८०च्या वर गेली तर घोडा काढूच नका. आता मे महिन्यात संध्याकाळी वळीव झाल्यानंतरची कोल्हापूरची पहाट घ्या. पारा २५ अंश सेल्सिअस, म्हणजे ७७ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ८५ टक्के. बेरीज १६२. म्हणजे अंगाला गार वाटणारी ही पहाट घोड्याला जड जाते. उलट एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी ३७ अंश आणि ३० टक्के आर्द्रता धरली तर बेरीज १२९ येते, पण या हिशोबात ऊन आणि वारा धरलेलाच नाही, त्यामुळं त्या आकड्यावर विसंबून दुपारी घोडा काढला तर पस्तावण्याची वेळ येते. या पागेत ट्रॅकच्या दाराशी तापमान आणि आर्द्रता दाखवणारं साधं यंत्र टांगलेलं आहे आणि वळवानंतरच्या सकाळी काम निम्म्यावर आणतात.

ट्रॅक रेतीचा, खाली तांबडी माती. संध्याकाळी पाणी मारून पहाटे वखरणी करतात. खुराचा ठसा दोन-अडीच इंच खोल उमटला पाहिजे, हे त्यांचं माप. त्याहून उथळ असेल तर जमीन कडक, आणि कडक जमिनीवर दोन वर्षांच्या घोड्यांच्या नळ्या पुढून दुखावतात. त्याहून खोल असेल तर शिरांवर ताण येतो. पाणी एका भागात जास्त आणि एका भागात कमी पडलं तर ते सगळ्यात वाईट, कारण पळताना पाय अचानक वेगळ्या जमिनीवर पडतो. मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली जातं तेव्हा दूरच्या वळणावर नेमकं हेच होतं. विचारलं तर लपवत नाहीत. त्या दिवसांत त्या वळणावर फक्त दुडकी चाल ठेवतात.

विश्रांतीवरून परत कामाला आणायचा त्यांचा क्रम असा आहे. पहिले दोन आठवडे फक्त चालवणं, आधी वीस मिनिटं, मग चाळीसपर्यंत. पुढचे दोन-तीन आठवडे दुडकी, रोज दिशा बदलून, म्हणजे एकाच बाजूच्या पायांवर वळणाचा भार येत नाही. त्यानंतर संथ दौड. वेगाचं काम शेवटी, तेही एका फर्लांगाच्या, म्हणजे २०१ मीटरच्या आसपासचं, आठवड्यातून एक-दोनदाच. वेग थोडा का होईना पण द्यावाच लागतो, कारण हाड नुसत्या संथ मैलोन्‌मैल पळण्यानं रेससाठी तयार होत नाही. ज्या वेगाचा भार पुढं येणार आहे त्याचा छोटा घास आधी मिळाला तरच ते त्या दिशेनं घट्ट होतं. आणि खरं घोडं अडतं ते इथंच. ट्रॅक लहान आहे, वळणं आवळलेली आहेत, सलग पाच-सहा फर्लांग जोरात सोडायला सरळ जागाच नाही. म्हणून शेवटची धार लावायचं काम पुण्याला गेल्यावर तिथल्या ट्रेनरकडंच होऊ शकतं, आणि त्यासाठी त्याला निदान तीन-चार आठवडे द्यावे लागतात. पहिल्या दिवशीच्या शर्यतीसाठी जूनपर्यंत इथं ठेवू नका, असं वर म्हटलं ते याचसाठी.

कामानंतर घोडा थंड करण्याची पद्धत मात्र आम्ही पाहिलेल्या पागांत सगळ्यात चोख आहे. स्वार उतरला की खोगीर तिथंच काढतात, घोडा सावलीत उभा करतात आणि दोन माणसं दोन बाजूंनी पाणी ओततात. मान, छाती, पाठ, पोट, मागच्या पायांच्या मधला भाग, सगळीकडे, न थांबता. पाणी पट्टीनं निपटत बसत नाहीत; निपटण्यात वेळ जातो, तेवढ्या वेळात नवं पाणी पडलेलं जास्त उपयोगी. पाण्याचं प्रमाण हीच गुरुकिल्ली. विहिरीचं साधं पाणी चालतं, पण भरपूर लागतं. एका घोड्याला दोनशे लिटरचं पिंप सहज संपतं. फार तापलेल्या घोड्यासाठी बर्फही टाकतात. गरम घोड्यावर गार पाणी टाकलं की तो आखडतो, ही समजूत अजून अनेक जुन्या मोतद्दारांच्या मनात घट्ट बसलेली आहे. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत उष्ण आणि दमट हवेतल्या घोड्यांवर जे अभ्यास झाले, त्यांनी ती मोडीत काढली. ओला कपडा पांघरून ठेवणं मात्र चुकीचं. कपड्याखाली पाणी तापतं आणि उष्णता कोंडते.

जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून मोजतात. दहा-पंधरा मिनिटांत नाडी साठच्या खाली आणि श्वास शांत व्हायला हवा. तापमान कामानंतर काही मिनिटं वाढतच राहतं, म्हणून एकदाच मोजून समाधान मानत नाहीत. ४१ अंशांच्या वर गेलं तर डॉक्टरला फोन लागतो, पण पाणी त्याआधीच सुरू असतं. मग पायांची पाळी. चौखूर दौडीत नळीमागच्या शिरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं असं मोजलं गेलंय, आणि ती उष्णता शिरेच्या पेशींना मानवत नाही. म्हणून गुडघ्याखाली पंधरा ते वीस मिनिटं सतत गार पाणी. या रोजच्या भिजण्या-वाळण्यानं खूर ठिसूळ होतो आणि नालेचे खिळे सैल पडतात, म्हणून धुण्याआधी खुरावर तेलाचा हात फिरवतात. नालबंद चार ते पाच आठवड्यांनी येतो, त्याचे पैसे वेगळे.

काम संपल्यावर लगेच पाणी प्यायला देतात. तापलेल्या घोड्याला पाणी तोडायचं, हीसुद्धा जुनी आणि धोक्याची रीत. घोड्याच्या घामात मीठ भरपूर असतं, लिटरभर घामातून दहाएक ग्रॅम क्षार जातात. पाणी आणि मीठ दोन्ही एकदम गेल्यामुळं रक्त दाट होत नाही आणि घोड्याला तहान लागल्याची खूण मिळतच नाही. बिचारा सुकलेला असतो आणि बादलीकडं बघतही नाही. म्हणून इथं दोन बादल्या ठेवतात: एकीत साधं पाणी, दुसरीत दहा लिटरला नव्वद ग्रॅम मीठ. घामेजलेला घोडा खारं पाणी प्यायला की पाठोपाठ साधंही जास्त पितो. साधं पाणी कधीही काढून घेत नाहीत, हे महत्त्वाचं; नुसतं खारं ठेवलं तर उलटा परिणाम होतो. शिवाय रोजच्या दाण्यात पन्नास-साठ ग्रॅम मीठ असतंच. चाटायची वीट टांगलेली आहे, पण तिच्यावर भिस्त नाही. घोडा गाईसारखा चाटत नाही.

दाणा आणि चारा घरातल्या वहिनींच्या हातात आहे, आणि कोल्हापूरसारख्या दूध-उसाच्या मुलखात हे काम दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. इथं चारा मुबलक आहे, पण तो म्हशीचा चारा आहे. उसाचे वाढे हंगामात पडत्या भावात मिळतात. घोड्याला ते सतत घातले तर त्यातलं ऑक्झलेट आतड्यात कॅल्शियम धरून ठेवतं. हत्तीघासाचंही तेच. त्यावर गव्हाचा कोंडा जास्त दिला, जो फॉस्फरसनं भरलेला असतो, की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. जबड्याची हाडं फुगतात, घोडा कुठंतरी लंगडतो आणि कारण कुणालाच सापडत नाही. या पागेत वाढे आणि हत्तीघास वर्ज्य आहेत. मुख्य चारा वाळलेली हरळी आणि मारवेल, जोडीला लसूणघास. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो वाळला चारा, त्यात लसूणघासाचा वाटा चौथा हिस्सा. लसूणघास ओला आला तर सावलीत काही तास सुकवतात, नाहीतर पोटात वायू धरतो. उन्हाळ्यात तो वाढवतही नाहीत. प्रथिनं जास्त झाली की लघवी वाढते, बॉक्समध्ये अमोनियाचा भपकारा सुटतो आणि फुप्फुसांच्या जोरावर पळणाऱ्या जनावराला तो सहन होत नाही.

दाणा विश्रांतीच्या घोड्याला दोन किलोच्या आसपास, कामातल्याला चार ते पाच. एका वेळी दोन किलोच्या वर नाही, म्हणून कामातल्या घोड्याच्या तीन-चार वेळा होतात. ठेचलेले ओट आणि सातू, थोडा भिजवलेला हरभरा, हळूहळू वाढवत शंभर-दीडशे मिली तेल. तेलातून ताकद मिळते आणि पचनाची उष्णता कमी राहते. गूळ मिठाची चव झाकण्यापुरता, मूठभर. शेंगदाणा पेंड नाही, कारण बुरशी लागलेल्या पेंडीचं विष यकृतावर जातं. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा होतो, अपवाद नाही. दिवसभर उभं राहून पोटभर दाणा खाल्लेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला काढला की मागचे स्नायू दगडासारखे आखडतात, लघवी लाल-तपकिरी होते आणि घोडा जागचा हलत नाही. असा घोडा ओढून चालवायचा नसतो. त्या क्षणी तिथंच थांबवून डॉक्टरला बोलवायचं असतं.

धान्य लक्ष्मीपुरीतून येतं आणि कुलपात राहतं. घरच्या चार म्हशी आहेत, पण त्यांची गोळी पेंड आवाराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या खोलीत, वेगळ्या मापानं निघते. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईगुरांना चालणारी मात्रा घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारते आणि त्यावर उतारा नाही. म्हशींची बादली घोड्याकडं जाऊ नये म्हणून तिला लाल पट्टा मारलेला आहे. दूध-पट्ट्यात घोडा ठेवताना हा प्रश्न प्रत्येक मालकानं विचारायला हवा. फार थोडे विचारतात.

आता दुपार. दोन वाजता आत शिरलात की पहिलं जाणवतं ते छत. पत्र्यावर चुना आणि त्यावर उसाचं पाचट दोरखंडानं बांधलेलं. मधल्या आढ्याला दोन बाजूंनी फट आहे, त्यातून गरम हवा वर निघते. भिंतीवरचे पंखे जाळीत बंद, वायर घोड्याच्या तोंडाला लागणार नाही अशी वरून नेलेली. पश्चिमेच्या दारांना ओली गोणपाटं. एप्रिलच्या कोरड्या हवेत ती उत्तम काम करतात. वळीव सुरू झाले की काढून टाकतात, कारण तेव्हा ती हवा अधिक दमट करण्यापलीकडं काही करत नाहीत. फवाऱ्याचे पंखे बसवलेले नाहीत, त्याचं कारणही हेच. बॉक्स बारा बाय बारा फुटांचे. खाली भाताचं तूस आणि लाकडाचा भुसा. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, घालत नाहीत, कारण रिकामा बसलेला घोडा ती खातो आणि पाणी कमी पिण्याच्या दिवसांत आतड्यात गोळा अडकतो. साखर कारखान्यांमुळं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, स्वस्तात मिळतो, तोही नाही, कारण ओला राहिला की बुरशी धरतो.

त्या वेळी आतली हालचाल बघा. घोडे बहुतेक उभेच, एक मागचा पाय टेकवलेला, खालचा ओठ लोंबता, शेपटी अधूनमधून. हे चांगलं. एखाद्याच्या नाकपुड्या ताणलेल्या आणि कुशी भात्यासारख्या हलत असतील तर ते वाईट. इथल्या कोपऱ्यातल्या बॉक्समध्ये एक घोडी आहे, तिला पंख्याच्या थेट झोतात ठेवलंय. तिचं अंग दुपारी कोरडं ठक्क असतं. फक्त आयाळीखाली आणि मागच्या पायांच्या मधे घामाचा ओलावा. कपाळावरचे केस विरळ झालेत. हा घाम आटण्याचा आजार, रेसकोर्सवर त्याला ड्राय कोट म्हणतात. अशा घोड्याला औषधानं घाम फोडता येत नाही. हवा बदलणं, काम कमी करणं आणि दिवसातून तीन-चारदा पाणी मारणं हेच हातात उरतं. वहिनी दर तासाला तिचा श्वास मोजून वहीत लिहितात, तीस सेकंद कुशीकडं बघून. मिनिटाला चाळीसच्या वर गेला की पाणी. मालकानं घोडी इथं पाठवताना "आळशी झालीय" एवढंच सांगितलं होतं. आजार पागेनं ओळखला.

पाण्याच्या बादल्या प्रत्येक बॉक्समध्ये दोन, वीस लिटरच्या, आतून रेघा मारलेल्या. आपोआप भरणारी भांडी मुद्दाम लावलेली नाहीत, कारण त्यांत घोडा किती प्यायला ते दिसत नाही. विश्रांतीचा घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पितो, उन्हाळ्यात कामाला असलेला पन्नास-साठच्या पुढं. आदल्या दिवशीपेक्षा निम्मं पाणी प्यायलेल्या घोड्याचा दाणा त्या रात्री भिजवून आणि कमी देतात. पोटदुखीच्या निम्म्या रात्री इथंच टळतात.

आता तक्रारी. वीज गेली की जनरेटर फक्त पाण्याच्या मोटरीवर चालतो, पंख्यांवर नाही. पाणी आधी, हा त्यांचा हिशोब बरोबर आहे, पण एवढे पैसे घेताना दोन्हींची सोय असायला हवी. धुण्याची जागा एकच, त्यामुळं सातच्या सुमाराला तीन घोडे रांगेत तापत उभे राहतात. चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाची यात्रा असते आणि त्या दोन-तीन दिवसांत निम्मे मोतद्दार डोंगरावर असतात. त्यांना जाऊ द्यायलाच हवं, पण बदली माणसं आधी शोधून ठेवली जात नाहीत आणि त्या दिवसांत घोडे फक्त चालतात. म्हशींमुळं गोचीड आणि घोडमाश्या आहेतच. घोडमाशीतून सर्रा पसरतो, गोचिडांतून पायरोप्लाझ्मोसिस. दोन्हींत ताप येतो-जातो आणि घोडा खंगतो. शेणखड्डा लांब नेलाय, संध्याकाळी अंग चाचपून गोचीड काढतात, दुसरं तापमान सहा वाजता घेतात. तरीही ही जोखीम गृहीत धरूनच घोडा पाठवावा.

सगळ्यात मोठी अडचण पागेच्या हातातली नाही. रोजचे डॉक्टर जवळ आहेत आणि चांगले आहेत, पण पोटाची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर गाडी पुण्याकडं काढावी लागते, म्हणजे महामार्गानं सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. म्हणून घोडा उतरवतानाच लिहून द्या: पोटदुखी किती वेळ इथं हाताळायची, कुणाला फोन करायचा, मालक फोनवर नसेल तर निर्णय कुणाचा. वहिनी हा कागद स्वतःहून मागतात.

पळणाऱ्या घोड्याच्या मालकानं आणखी एक गोष्ट तपासावी. शर्यतीनंतरच्या तपासणीत कॅफीन, मॉर्फीन, अ‍ॅट्रोपीन यांचा लवलेशही महागात पडतो, आणि ते औषधातूनच येतं असं नाही. चहाचा पेला गव्हाणीच्या कडेला ठेवला, खसखस पडलेला घास घोड्याच्या तोंडी लागला किंवा चाऱ्यात धोत्रा आला, तरी पुरेसं असतं. इथं बॉक्सच्या ओळीत चहा आणायला बंदी आहे आणि चारा पसरून हातानं निवडतात. धोत्र्याची काटेरी बोंडं बाजूला काढलेली आम्ही डब्यात पाहिली. प्रत्येक औषधाची तारीख, मात्रा आणि डॉक्टरचं नाव वहीत असतं आणि घोडा निघताना त्या पानांची प्रत सोबत मिळते. पुण्याच्या ट्रेनरला ती प्रत सोन्यासारखी.

महिन्याच्या पैशांत चारा, दाणा, मोतद्दार, रपेट आणि पायांची निगा येते. नाल, डॉक्टर, औषधं, गाडी वेगळी. बिल एका पानाचं, प्रत्येक पावती जोडलेली. रोज रात्री आठला पाटीचा फोटो फोनवर येतो: दोन्ही तापमानं, पाणी, दाणा, काम. लांबलचक निरोप येत नाहीत आणि गरजही पडत नाही.

पाठवायचा असेल तर मार्चमध्येच बोला. उतरवताना घोड्याचा पासपोर्ट, इन्फ्लुएंझा आणि धनुर्वाताच्या लशींची नोंद आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा निर्दोष अहवाल लागतो. त्याशिवाय आत घेत नाहीत आणि नवा घोडा वेगळ्या बॉक्समध्ये ठेवून त्याच्यासाठी बादली, मोरकी आणि खरारा वेगळा ठेवतात. जुन्या पागेतला आठवड्याचा दाणा पोत्यात भरून सोबत द्या, म्हणजे बदल हळूहळू करता येतो. प्रवास रात्रीचाच ठेवा. गाडीत डोकं वर ताणून बांधू देऊ नका. मान खाली नेता आली नाही तर श्वासनळीतली घाण बाहेर पडत नाही आणि दोन दिवसांनी ताप येतो. परत नेण्याची तारीख मेच्या पहिल्या आठवड्यात पक्की करा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसानं जोर धरला की हा ट्रॅक चिखल होतो आणि घोडे नेणाऱ्या गाड्या सगळ्यांना एकाच वेळी हव्या असतात.